दादासाहेब फाळके

धुंडिराज गोविंद फाळके ऊर्फ दादासाहेब फाळके (जन्म : त्र्यंबकेश्वर, ३० एप्रिल १८७०, मृत्यू : नाशिक, १६ फेब्रुवारी १९४४) हे मराठी छायाचित्रकार, मुद्रक, चित्रपटनिर्माते, दिग्दर्शक आणि पटकथाकार होते. १९१३ साली प्रदर्शित झालेला 'राजा हरिश्चंद्र' हा पूर्ण लांबीचा पहिला भारतीय कथापट म्हणून ओळखला जातो. फाळके यांना भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक मानले जाते. सुमारे ९५ कथापट आणि पंचवीसहून अधिक लघुपट त्यांच्या नावावर सांगितले जातात. त्यांच्या चित्रपटांचा आरंभ कोणत्याही कारखान्यात किंवा कंपनीत झाला नाही. तो दादरच्या राहत्या घरात, पत्नी सरस्वतीबाई आणि मुले यांच्या सोबतीने झाला. म्हणून त्यांच्या कलाजीवनाचा विचार त्यांच्या संसाराला वगळून करता येत नाही.

बालपण आणि शिक्षण

फाळके घराणे त्र्यंबकेश्वरचे. गोदावरी तेथे उगम पावते आणि नाशिक, कोपरगाव, पुणतांबा करीत पुढे मराठवाड्यात उतरते. वडील गोविंद सदाशिव ऊर्फ दाजीशास्त्री हे संस्कृतचे पंडित. आईचे नाव द्वारकाबाई. घरात पूजाअर्चा, पुराणे आणि अध्यापन यांचे वातावरण होते. पुढे दाजीशास्त्र्यांची मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात संस्कृतच्या अध्यापनासाठी नेमणूक झाली आणि कुटुंब मुंबईस आले. धाकट्या धुंडिराजाचा ओढा चित्रकलेकडे होता. १८८५ मध्ये त्यांनी सर जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेऊन चित्रकलेचा अभ्यासक्रम पूर्ण केला. त्यानंतर ते थोरले बंधू शिवरामपंत यांच्यासमवेत बडोद्यास गेले. तेथेच मराठे घराण्यातील मुलीशी त्यांचा पहिला विवाह झाला.

बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी तैलरंग व जलरंग यांबरोबर वास्तुकला आणि प्रतिमाकाम यांचेही शिक्षण घेतले. कलाभवनाचे प्रमुख प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांची या धडपड्या विद्यार्थ्यावर मर्जी होती. याच सुमारास फाळक्यांनी छायाचित्रणाचा कॅमेरा घेतला. चित्र टिपणे, काच धुणे, छापणे हे सारे ते स्वतःच्या हाताने करू लागले. १८९२ च्या अहमदाबाद येथील औद्योगिक प्रदर्शनात त्यांनी केलेल्या आदर्श नाट्यगृहाच्या प्रतिकृतीस सुवर्णपदक मिळाले. पुढे गज्जरांनी त्यांना रतलाम येथे तीनरंगी ठसे आणि शिलामुद्रण शिकण्यासाठी पाठविले. एकच विद्या धरून तिच्यात स्थिरावणे त्यांच्या स्वभावात नव्हते. त्यांच्या संसाराला पुढे जी ओढाताण सोसावी लागली तिचे एक मूळ येथे दिसते. मात्र चित्रपटासाठी लागणाऱ्या जवळजवळ प्रत्येक कलेचा हात त्यांना असा आधीच बसला होता.

छायाचित्रकार फाळके, पहिला संसार

१८९५ च्या सुमारास फाळक्यांनी गुजरातेतील गोध्रा येथे छायाचित्रणाचा व्यवसाय थाटला. तेथे बस्तान बसत असतानाच प्लेगची साथ आली. १९०० च्या सुमारास या साथीत त्यांची पत्नी आणि मूल दोघेही दगावले. तिशीच्या उंबरठ्यावर असलेले फाळके रिकाम्या हातांनी बडोद्यास परतले.

तेथे छायाचित्रणाचा धंदा पुन्हा उभा राहीना. कॅमेऱ्यासमोर बसल्याने देहातील शक्ती शोषली जाते व आयुष्य घटते, असा समज तेव्हा लोकांत पसरलेला होता. आज तो हास्यास्पद वाटतो. परंतु गिऱ्हाईकच दुकानाची पायरी चढेना तेव्हा फाळक्यांना त्याची झळ लागलीच. पोटासाठी त्यांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविले. त्यातून नेपथ्य आणि नाट्यप्रयोग यांची जाण वाढली. याच काळात ते जादूचे प्रयोग शिकले आणि स्वतःच्या आडनावाची अक्षरे उलटी करून 'प्रोफेसर केल्फा' या नावाने ते प्रयोग करू लागले. पुढे त्यांच्या पौराणिक चित्रपटांत देव क्षणात प्रकट होतात आणि राक्षस क्षणात नाहीसे होतात, त्यामागे ही हातचलाखीची तालीम आहे.

सरस्वतीबाई

१९०२ मध्ये फाळक्यांचा दुसरा विवाह झाला. वधू गिरिजा करंदीकर ही किर्लोस्कर नाटक मंडळीच्या मालकांच्या नात्यातील होती. सासरी तिचे नाव सरस्वती ठेवण्यात आले. मंडळींत त्या काकी म्हणूनही ओळखल्या जात.

लग्नानंतर वर्षभरातच फाळक्यांना पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून नोकरी मिळाली. सरकारी नोकरी, ठरलेला पगार आणि आवडीचे काम असा योग त्यांच्या आयुष्यात पुन्हा आला नाही. १९०६ मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली आणि लोणावळ्यास मुद्रणालय काढले. जवळच्या राजा रविवर्मा यांच्या छापखान्यासाठी ते शिलामुद्रणाचे काम करून देत. १९०८ च्या सुमारास हा व्यवसाय दादरला आला आणि पुरुषोत्तम मावजी यांच्या भागीदारीत 'लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स' हे नाव त्याने धारण केले. रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी फाळके १९०९ मध्ये जर्मनीस जाऊन आले. छापखान्याचा लौकिक झाला, पैसाही दिसू लागला; पण भागीदारांशी मतभेद होऊन १९११ मध्ये ते त्यातून बाहेर पडले. वाटणीचा आग्रह न धरता ते बाहेर पडले. पदरी मुले असलेल्या चाळिशीच्या गृहस्थाने असे करावे याचे नातलगांना नवल वाटले असल्यास त्यात वावगे काही नाही.

चलच्चित्राचा ध्यास

या रिकामपणाच्या काळात, १९१०-११ च्या सुमारास, गिरगावातील एका तंबूवजा चित्रगृहात फाळक्यांनी थोरला मुलगा भालचंद्र याला चित्रपट दाखविण्यास नेले. घरी येऊन मुलाने पडद्यावर पाहिलेल्या प्राण्यांविषयी सांगितले, तेव्हा कोणाला ते खरे वाटेना. म्हणून दुसऱ्या खेपेस सारे कुटुंब गेले. त्या दिवशी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट लागला होता. तो पाहताना राम आणि कृष्ण पडद्यावर का येऊ नयेत हा विचार फाळक्यांच्या मनात आला आणि त्याने त्यांचा कब्जाच घेतला. पुढील काळात ते रोज चार-पाच तास चित्रपट पाहू लागले आणि उरलेला वेळ छोट्या यंत्रावर प्रयोग करण्यात घालवू लागले. मिळकत बंद झालेली होती. घरातील चीजवस्तू एकामागून एक विकली जाऊ लागली. अपुरी झोप आणि डोळ्यांवरील ताण यांमुळे काही काळ त्यांची दृष्टीच गेली. उपचारांनी ती परत आली, तरी चष्म्यांचा आधार घ्यावा लागला.

या दिवसांत सरस्वतीबाई पतीच्या पाठीशी उभ्या राहिल्या हे वाक्य बहुतेक चरित्रांत येते. ते खरे आहे, पण अपुरे आहे. त्या ज्याच्या पाठीशी उभ्या राहिल्या तो मनुष्य एकदा सर्वस्व गमावून बसलेला, नोकरी व भागीदारी दोन्ही सोडून आलेला आणि दृष्टी जाता जाता वाचलेला होता. जो धंदा तो करू म्हणत होता तो या देशात कोणी नीट केलेलाही नव्हता.

विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून फाळक्यांनी पैसा उभा केला आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते लंडनला निघाले. तेथे 'बायोस्कोप' या साप्ताहिकाच्या संपादकांच्या ओळखीने सेसिल हेपवर्थ यांचा वॉल्टन येथील स्टुडिओ त्यांना आतून पाहता आला. विल्यमसन कॅमेरा, फितीला भोके पाडण्याचे यंत्र आणि कोडॅकची कच्ची फीत यांची व्यवस्था करून ते १ एप्रिल १९१२ रोजी परतले आणि 'फाळके फिल्म्स' ही संस्था त्यांनी सुरू केली.

प्रथम त्यांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला. त्याचे रोप वाढेपर्यंत महिनाभराहून अधिक काळ कॅमेरा एकाच जागी ठेवून ते रोज थोडी थोडी चित्रे टिपत राहिले. 'अंकुराची वाढ' ही मिनिटभराची फीत अशी तयार झाली. पडद्यावर रोप पाहता पाहता उगवताना पाहून कर्ज देणारे पुढे आले. तरीही पैसा पुरला नाही, तेव्हा सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले. त्या काळी स्त्रीचे दागिने ही संकटकाळासाठी राखलेली तिची एकमेव मालमत्ता असे. ती देताना त्यांनी कुरकुर केल्याची नोंद कोठे आढळत नाही.

'राजा हरिश्चंद्र' : घर आणि कारखाना

दादरच्या मुख्य रस्त्यावरील 'मथुराभवन' या घरात फाळके कुटुंब राहत होते. हा रस्ता आज दादासाहेब फाळके मार्ग या नावाने ओळखला जातो. चित्रपटाची तयारी, तालमी, फीत धुणे आणि जोडणे ही कामे याच घराच्या आवारात चालत. नट आणि कामगारही तेथेच जेवत. सिनेमात काम करणे कमीपणाचे मानले जाई. म्हणून कोणी विचारल्यास हरिश्चंद्राच्या कारखान्यात नोकरी करतो असे सांगावे, अशी सूचना फाळक्यांनी आपल्या माणसांना दिली होती.

या कारखान्यातील सरस्वतीबाईंच्या कामाचे स्वरूप पाहण्यासारखे आहे. कच्ची फीत तेव्हा भोके न पाडलेली येई. प्रकाश लागला तर ती वाया जाई, म्हणून रात्री अंधाऱ्या खोलीत यंत्रावर तिला दोन्ही कडांनी भोके पाडावी लागत. एका फुटाला दोन्ही कडा मिळून सव्वाशेहून अधिक भोके येतात, आणि 'राजा हरिश्चंद्र'ची लांबी सुमारे ३,७०० फूट होती. दिवसभर साऱ्या मंडळींचा स्वयंपाक आटोपल्यावर सरस्वतीबाई या कामास बसत. फीत धुण्याची रसायने ठरलेल्या प्रमाणात मिसळणे, कॅमेऱ्यात फीत भरणे, चित्रित फितीचे तुकडे जोडणे ही कामे त्या पतीकडून शिकल्या. चित्रण सूर्यप्रकाशात होत असे. तेव्हा उजेड नटांच्या तोंडावर परतविण्यासाठी पांढऱ्या चादरी ताणून त्या तासन्‌तास उन्हात उभ्या राहत. आजच्या भाषेत ही संकलन, प्रयोगशाळा आणि प्रकाशयोजना अशी तीन खाती होतात. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत मात्र त्यांचे नाव नाही. पतीला साहाय्य करणारी पत्नी एवढ्यावर त्यांची ओळख थांबवणे अन्यायाचे आहे. भारतीय चित्रपटाच्या पहिल्या तंत्रज्ञांत त्यांची गणना व्हायला हवी.

तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना. जाहिराती दिल्या, शोध घेतला, पण कोणी तयार होईना. सरस्वतीबाईंनाच ती भूमिका करण्याविषयी फाळक्यांनी सुचविले आणि इतकी कामे अंगावर असताना हे आणखी कसे करू, अशा अर्थाने त्यांनी नकार दिला, असे सांगितले जाते. अखेर एका खाणावळीत काम करणारे अण्णा साळुंके यांची निवड झाली. हरिश्चंद्र झाले दत्तात्रय दामोदर दाबके, आणि रोहिदास झाला घरचाच भालचंद्र.

भालचंद्राच्या बाबतीत एक प्रसंग चरित्रांतून येतो. बाह्यचित्रणाच्या वेळी खेळताना तो दगडावर पडला, डोक्यास मार लागला आणि तो बेशुद्ध झाला. चित्रण थांबवून मुलास मुंबईस न्यावे, असे मंडळींचे म्हणणे पडले. फाळक्यांनी त्याच्यावर प्रथमोपचार केले. आणि कथेत रोहिदास मृत्यू पावतो तो प्रसंग अद्याप घ्यायचा होता, म्हणून त्या बेशुद्ध मुलावरच तो चित्रित केला. भालचंद्र पुढे बरा झाला. फाळक्यांच्या निष्ठेचा दाखला म्हणून हा प्रसंग बहुधा सांगितला जातो. एकदा प्लेगने मूल हिरावलेल्या पित्याने तो निर्णय कोणत्या मनःस्थितीत घेतला असेल, हा प्रश्न मात्र कोणी चरित्रकार विचारताना दिसत नाही. राजा हरिश्चंद्राने सत्यासाठी स्त्री-पुत्रांना पणास लावले, ती कथाच फाळक्यांनी पहिल्या चित्रपटासाठी निवडावी हा योगायोगही ध्यानात राहतो.

सहा महिने आणि २७ दिवसांत चित्रपट पूर्ण झाला. कॅमेरा त्र्यंबक तेलंग यांनी चालविला. २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिम्पिया चित्रगृहात निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रगृहात तो जनतेसाठी लागला. (दादासाहेब तोरणे यांचा 'श्री पुंडलिक' १९१२ मध्ये आला होता, परंतु ते नाटकाच्या प्रयोगाचे चित्रण होते.) मुंबईत गर्दी झाली. रात्रभर नाटके पाहण्याची सवय असलेल्या गावोगावच्या प्रेक्षकांना मात्र दीड तासाचा खेळ महाग वाटे, म्हणून सत्तावन्न हजार छायाचित्रे व दोन मैल लांबीचे चित्र अवघ्या तीन आण्यांत, अशी जाहिरात फाळक्यांनी केली. चित्रांचा आकडा हिशेबाला उतरतो, कारण एका फुटात १६ चित्रे बसतात. दोन मैल मात्र जाहिरातीचेच होते. ३,७०० फुटांचा एक मैलही भरत नाही.

नाशिक

यश मिळताच, १९१३ च्या ऑक्टोबरात, फाळके बिऱ्हाड आणि कारखाना घेऊन नाशिकला आले. 'मोहिनी भस्मासुर' या दुसऱ्या चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई (पुढे गोखले) यांनी भूमिका केल्या आणि पडद्यावर स्त्रियांचा प्रवेश झाला. त्यापाठोपाठ 'सत्यवान सावित्री' आला. १९१४ मध्ये हे चित्रपट घेऊन फाळके पुन्हा लंडनला गेले. तेथे राहून चित्रपट काढण्याविषयी त्यांना विचारणा झाली. त्यांनी ती नाकारली. परत येतात तो पहिले महायुद्ध सुरू झाले. सावकारांनी हात आखडता घेतला, कच्ची फीत मिळेना. मोठा चित्रपट काढता येईना, तेव्हा 'आगकाड्यांची मौज' यांसारख्या लहान फिती करून त्यांनी संस्था तगविली. चित्रपट कसा तयार होतो हे दाखविणारी त्यांची एक फीतही उपलब्ध असून तिच्यात फाळके स्वतः काम करताना दिसतात.

१९१७ च्या 'लंकादहन'ने दिवस पालटले. त्यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके यांनीच केल्या. पैसा आल्यावर भांडवलदारही आले आणि १९१८ मध्ये 'हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी' स्थापन झाली. 'श्रीकृष्णजन्म' (१९१८) आणि 'कालियामर्दन' (१९१९) या चित्रपटांत बाळकृष्णाची भूमिका फाळक्यांची मुलगी मंदाकिनी हिने केली. 'कालियामर्दन'च्या आरंभी तिचा चेहरा जवळून दाखविला असून त्यावर राग, लोभ, हसू असे भाव एकामागून एक उमटतात. कृष्ण म्हणून पाहण्याआधी प्रेक्षकाने ही एक मुलगी आहे हे पाहावे, अशी ती योजना आहे. मुलीच्या गुणाचे कौतुक असलेला बापही त्या तुकड्यात दिसतो.

भागीदारांशी फाळक्यांचे याही वेळी जमले नाही. खर्चाचा हिशेब आणि वेळापत्रक यांवरून खटके उडू लागले. घरच्या कारखान्यात पत्नीच्या मुखाकडे पाहून निर्णय घेणाऱ्या माणसाला संचालकांच्या बैठकींत बसणे जड गेले असावे. १९१९ मध्ये निवृत्ती जाहीर करून ते कुटुंबासह काशीस गेले. तेथील वास्तव्यात त्यांनी 'रंगभूमी' हे नाटक लिहिले. ते १९२२ मध्ये रंगमंचावर आले, पण चालले नाही. पुढे वामन श्रीधर आपटे यांच्या आग्रहावरून ते पुन्हा कंपनीत आले. या खेपेस मालक म्हणून नव्हे, तर दिग्दर्शक म्हणून. या काळात त्यांनी बरेच चित्रपट काढले, तथापि त्यांत पूर्वीची चमक नाही, असे जाणकारांचे मत आहे.

अखेरची वर्षे

१९३१ मध्ये 'आलम आरा' आला आणि मूकपटाचे युग संपले. फाळक्यांचा 'सेतुबंधन' (१९३२) मूक स्वरूपात तयार झाला आणि नंतर त्याला ध्वनी जोडावा लागला. कोल्हापूर सिनेटोनसाठी १९३७ मध्ये त्यांनी केलेला 'गंगावतरण' हा त्यांचा एकमेव बोलपट. तेव्हा ते ६७ वर्षांचे होते.

त्यानंतरचे दिवस हलाखीचे होते. ज्यांनी लक्षावधी रुपये उलाढालीचा धंदा या देशात आणला त्यांच्याजवळ स्वतःचे घरही नव्हते. १९३९ मध्ये चित्रपटव्यवसायाचा रौप्यमहोत्सव साजरा झाला, त्या वेळी व्ही. शांताराम यांनी पुढाकार घेऊन फाळक्यांसाठी निधी गोळा करण्याचे आवाहन केले. त्यातून नाशिकच्या गोळे कॉलनीत त्यांचे लहानसे घर उभे राहिले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात चित्रपटनिर्मितीस सरकारी परवाना लागे. वयाच्या सत्तरीनंतरही त्यांनी नवा चित्रपट काढण्याची परवानगी मागितली होती. ती मिळाली नाही. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले.

उपलब्ध चित्रपट आणि स्मृती

नायट्रेटच्या फिती लवकर खराब होतात व पेट घेतात. त्यामुळे फाळक्यांच्या चित्रपटांपैकी फारच थोडे उरले आहे. 'राजा हरिश्चंद्र'ची काही रिळे पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहेत. ती १९१३ ची की फाळक्यांनीच १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीची, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. 'कालियामर्दन' त्यामानाने बराच टिकला आहे.

भारत सरकारने १९६९ पासून चित्रपटक्षेत्रातील कार्यासाठी दादासाहेब फाळके पुरस्कार सुरू केला. पहिला पुरस्कार देविका राणी यांना मिळाला. १९७१ मध्ये फाळक्यांचे टपाल तिकीट निघाले. नाशिकजवळ पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे. परेश मोकाशी दिग्दर्शित 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९) या मराठी चित्रपटात 'राजा हरिश्चंद्र'च्या निर्मितीची कथा आहे. त्यात नंदू माधव यांनी फाळक्यांची आणि विभावरी देशपांडे यांनी सरस्वतीबाईंची भूमिका केली असून दागिने, स्वयंपाकघर आणि अंधारी खोली यांना त्या कथेत मोठे स्थान मिळाले आहे.